पाच गाजरं, एक ग्लास

काटेबाईंचं खरं नाव मंडईत कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि ते विचारायची वेळही कुणावर आली नाही. भाजीमंडईच्या तिसऱ्या रांगेत, पाण्याच्या नळाला लागून असलेल्या ओट्यावर त्या एकतीस वर्षं बसत होत्या. समोर लोखंडी वजनकाटा, त्याची दोन्ही पारडी घासून घासून आरशासारखी लख्ख. त्या काट्यावरून हे नाव पडलं असं काही जण म्हणत. बाईंच्या जिभेलाच काटा आहे, त्यावरून पडलं असं बाकीचे म्हणत. दोघांचंही खरं होतं.

“अंदाजे” हा शब्द त्यांना शिवीसारखा लागायचा. एखादं नवखं गिऱ्हाईक म्हणालं, “घाला हो अंदाजे पाव किलो,” की बाई हातातली भेंडी खाली ठेवायच्या आणि विचारायच्या, “घरी अंदाजे जेवता का?” मग पारडं स्थिर होईपर्यंत त्या हलायच्या नाहीत, आणि गिऱ्हाइकालाही हलू द्यायच्या नाहीत. मुलगी झाली तेव्हा दवाखान्यातून घरी आल्या आल्या त्यांनी पारड्यात मऊ फडकं अंथरून तिला जोखलं होतं, फडक्याचं वजन वजा केलं होतं, आणि दवाखान्याचा आकडा तीस ग्रॅमनं चुकलाय असं शेजारपाजारी जाहीर करून टाकलं होतं. लेक आता अठ्ठावीस वर्षांची होती, पण हा किस्सा अजून तिच्या पाठीमागे लागलेला होता.

अशा बाईला नवरा मिळाला तोही घड्याळं दुरुस्त करणारा. त्यांना सगळे घड्याळजी म्हणत. बारीक अंगाचे, पांढऱ्याशुभ्र मिशांचे, कमालीचे अबोल गृहस्थ. दुकान त्यांनी कधीच बंद केलं होतं, पण घरात खिडकीखाली टेबल, टेबलावर दिवा, चिमटे आणि डोळ्याला लावायचं भिंग असा त्यांचा छोटा संसार मांडलेला असायचा. दिवसाला पंचवीस-तीस वाक्यांत त्यांचं भागायचं. वाट्याची उरलेली वाक्यं बाई बोलून टाकायच्या, त्यामुळे घरात शिल्लक अशी राहत नसे.

साठी उलटल्यावर घड्याळजींच्या रक्तात साखर निघाली. फार नव्हे, पण डॉक्टरबाई म्हणाल्या, “आत्ताच सांभाळा.” हे वाक्य त्या घड्याळजींना म्हणाल्या होत्या, पण काटेबाईंनी ते स्वतःच्या पदराला गाठ मारून घरी नेलं. साखरेचा डबा माळ्यावर गेला. आणि रोज दुपारच्या ताटाशेजारी एक वेगळी बशी येऊ लागली. तिच्यात काकडीच्या चार फोडी, कोबीचं एक कोवळं पान आणि शंभर ग्रॅम कच्चं गाजर असायचं. शंभर म्हणजे शंभर. एकशे तीन झालं तर बाई वरचा तुकडा स्वतःच्या तोंडात टाकायच्या.

“शिजवून नाही, किसून नाही, अख्खं खायचं,” त्या बजावायच्या. “कडाकडा चावा. भाजी चावून खाल्ली की निम्मं दुखणं दाताखालीच मरतं.”

घड्याळजी मान डोलवायचे. बाई दुपारच्या गिऱ्हाइकीसाठी मंडईत परतायच्या, आणि संध्याकाळी येऊन बघावं तर बशी रिकामी, धुऊन पालथी घातलेली.

त्याच सुमाराला मंडईच्या दाराशी रसाचं दुकान निघालं. चालवणारा गडी तिशीतला, आधी मोटारी दुरुस्त करायचा. यंत्राच्या आवाजावरून आत काय बिघडलंय ते ओळखायचा, आणि बोलायचा तर असा की उभं गिऱ्हाईक आडवं व्हावं. दुकानावर त्यानं मोठ्या अक्षरात पाटी रंगवली होती: ‘एक ग्लास रस म्हणजे एक टोपली भाजी!’ खाली लहान अक्षरात: ‘चावायचे कष्ट आमच्याकडे.’

काटेबाई ती पाटी रोज येता-जाता वाचायच्या आणि रोज त्यांच्या कपाळाला आठी पडायची. “चांगल्या भाजीचं पाणी करून विकतोय,” त्या शेजारच्या कांदेवालीला म्हणायच्या. पण हे हळूच म्हणायच्या. कारण रसवाला रोज सकाळी दहा किलो गाजरं घ्यायचा, आणि ती त्यांच्याकडूनच घ्यायचा. त्यांच्या ओट्यावर त्याच्याएवढं मोठं गिऱ्हाईक दुसरं नव्हतं. तोही त्यांना मान द्यायचा. “मावशी, तुमचं गाजर म्हणजे सोनं,” असं म्हणून पिशवी उचलायचा. सोनं वितळवायला नेतोय, असं बाईंच्या ओठावर यायचं, पण त्या ते गिळायच्या.

पुढच्या तपासणीला घड्याळजींची साखर कमी व्हायच्या ऐवजी थोडी चढलेली निघाली. डॉक्टरबाईंनी विचारलं, “गोड काही खाता का?”

“नाही,” घड्याळजी म्हणाले.

“यांना गोड मिळेल कुठून? डबा माळ्यावर आहे आणि शिडी शेजाऱ्यांकडे,” काटेबाई म्हणाल्या.

“मग चाला थोडं. रोज संध्याकाळी अर्धा तास.”

घड्याळजींनी हे मात्र फार मनावर घेतलं. चौकातल्या मनोऱ्यावर एक जुनं घड्याळ होतं. त्याला चावी द्यायचं आणि वेळ जुळवायचं काम नगरपालिकेनं त्यांच्याकडेच ठेवलं होतं. पूर्वी ते आठवड्यातून एकदा जायचे. आता रोज पाचच्या ठोक्याला टोपी चढवायचे आणि म्हणायचे, “मनोऱ्याचं मागे पडतंय. बघून येतो.” बाईंना बरंच वाटलं. माणूस चालतोय, कामाला लागलाय, चेहऱ्यावर तकाकीही आलीय.

पण तिसऱ्या महिन्यात साखर आणखी चढली.

काटेबाईंची झोप उडाली. घरातल्या प्रत्येक डब्याचं झाकण उघडून झालं. गादीखाली बघितलं, टेबलाचे खण बघितले, घड्याळजींच्या भिंगाच्या डबीत तर दोनदा बघितलं. गोडाचा कण नाही. एका संध्याकाळी नवऱ्याच्या पांढऱ्या मिशीच्या टोकाला गुलाबी छटा दिसली, तेव्हा क्षणभर भलतीसलती शंकाही मनात येऊन गेली. पण घड्याळजींकडे एकदा नीट बघितल्यावर ती आपोआप विरली.

मग एका रविवारी लेक आली. शहरातल्या अन्नतपासणीच्या प्रयोगशाळेत ती कामाला होती; बरण्या-नळ्या स्वच्छ ठेवायच्या, नमुने जोखून तयार करायचे. आईचा काटा तिच्या हातात उतरला होता, एवढंच की तिच्याकडचा काटा काचेच्या पेटीत असायचा आणि श्वासाचा वारा लागला तरी हलायचा. वडिलांच्या हातून पाण्याचा पेला घेताना ती थबकली.

“बाबा, हात बघू.”

घड्याळजींनी हात पुढे केला. तळवा पिवळा होता. पिवळा म्हणजे हळदीत बुडवून काढल्यासारखा.

“अगं बाई, कावीळ!” काटेबाई किंचाळल्या आणि अंगावरच्या साडीनिशी तशाच नवऱ्याला घेऊन निघाल्या. रविवार होता तरी डॉक्टरबाईंनी दार उघडलं. दार उघडलं नसतं तर ते राहिलं असतं की नाही, सांगवत नाही.

डॉक्टरबाईंनी पापण्या खाली ओढून बघितल्या, जीभ बघितली, तळवे दिव्याखाली धरून उलटेसुलटे केले.

“डोळे स्वच्छ पांढरे आहेत. कावीळ नाही ही,” त्या म्हणाल्या. मग भुवई उंचावून विचारलं, “गाजरं किती खाता?”

“गाजर?” घड्याळजी अगदी प्रामाणिकपणे म्हणाले. “तीन महिने झाले, दाताला लावलेलं नाही.”

काटेबाई खुर्चीतून उठल्याच. “काय बोलता हे! रोज शंभर ग्रॅम मोजून देते मी!”

डॉक्टरबाईंनी हातानंच त्यांना खाली बसवलं. घड्याळजींच्या मिशीकडे त्यांचं लक्ष गेलं होतं. “दाताला लावलं नाही, ते कळलं,” त्या सावकाश म्हणाल्या. “ओठाला लावलंत का?”

घड्याळजींनी डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. तिच्या शिवणीवरून बोट फिरवलं. “रस पितो. गाजर, बीट, सफरचंद. संध्याकाळी दोन ग्लास.” थोडं थांबून त्यांनी भर घातली, “मोठे.”

लेक खिडकीबाहेर बघत होती, आणि तिचे खांदे हलत होते. ती रडत नव्हती हे कुणालाही कळलं असतं.

“अहो, पण चांगलंच असतं ना ते?” घड्याळजी डॉक्टरबाईंना म्हणाले. “पाटीवर लिहिलंय. एक टोपली भाजी.”

“टोपलीभर भाजीतली साखर ग्लासात येते, आजोबा. टोपलीतला चोथा येत नाही. तो चोथाच साखरेला धरून ठेवतो, हळूहळू सोडतो. रस म्हणजे धरणाचं दार उघडल्यासारखं.” डॉक्टरबाईंनी त्यांचा तळवा थोपटला. “हा रंग गाजराचाच आहे. घाबरू नका, रस थांबवला की जाईल. पण साखरेचं कोडं मात्र सुटलं माझं.”

घरी येईपर्यंत काटेबाई एक अक्षर बोलल्या नाहीत. इतक्या वर्षांच्या संसारात असं पहिल्यांदाच घडत होतं, त्यामुळे घड्याळजींना धडकी भरली. चौकातून जाताना बाईंनी मान वर करून मनोऱ्याकडे पाहिलं. घड्याळ अकरा मिनिटं मागे होतं.

घरात शिरल्यावर बाई म्हणाल्या, “माझी बशी कुठे जायची?”

“शेजारच्या छोटीच्या सशांना.”

बाईंना ते ससे आठवले. मागच्या महिन्यातच त्या छोटीच्या आईला म्हणाल्या होत्या की काय गुबगुबीत झालेत हो, काय घालता तरी. छोटीची आई ओशाळं हसली होती. म्हणजे गल्लीला ठाऊक होतं; नव्हतं ते त्यांनाच.

“पण का?” त्यांचा आवाज अचानक खाली आला. “नको होतं तर नको म्हणायचं.”

घड्याळजींनी तोंडात बोटं घालून वरची कवळी काढली आणि तळहातावर धरली. तिच्याशिवाय त्यांचे शब्द मऊ, फुसफुसते झाले. “ही टोचते. बसवली तेव्हापासून. काकडी जाते कशीबशी. गाजर म्हणजे दगड.” हिरडीवर एका जागी लाल व्रण दिसत होता.

“आणि तीन महिने गप्प बसलात?”

“तू एवढं मोजून द्यायचीस,” घड्याळजी म्हणाले. “नको कसं म्हणू?”

काटेबाईंनी पदर डोळ्याला लावला, मग लगेच काढला, आणि तरातरा स्वयंपाकघरात जाऊन किसणी शोधायला लागल्या. अख्खंच खायचं, किसून नाही, हा कायदा त्यांनीच केला होता, मोडलाही त्यांनीच. पंधरा मिनिटांनी घड्याळजींसमोर बशी आली. त्यात बारीक किसलेलं कच्चं गाजर, त्यावर मीठ आणि लिंबू. घड्याळजींनी ते कवळीशिवायच खाल्लं, शेवटच्या धाग्यापर्यंत.

दुसऱ्या दिवशी सकाळी रसवाला नेहमीप्रमाणे गाजरं न्यायला आला, तर ओट्यावर बाई नव्हत्या, आणि काटाही नव्हता. तो परत दुकानाकडे वळला तेव्हा दोन्ही तिथे हजर होते. काटेबाईंनी रसाच्या दुकानाच्या फळीवर काटा मांडला होता आणि शेजारी किलोभर धुतलेली गाजरं.

“एका मोठ्या ग्लासात किती गाजरं घालतोस?”

“पाच, मावशी. एक बीट, एक सफरचंद. का हो?”

“आज फक्त गाजरं घाल. किलोभर. माझ्यासमोर.”

रसवाल्यानं यंत्र चालू केलं. सकाळी फिरून आलेली दोन-चार गिऱ्हाइकं तिथे उभी होती. ती ग्लास हातात धरूनच भोवती जमली. रस एका भांड्यात आला, चोथा मागच्या बादलीत पडला. बाईंनी भांड्याचं वजन आधीच करून ठेवलं होतं. रस भरला पाचशे वीस ग्रॅम. चोथा चारशे पन्नास.

“तीस ग्रॅम कुठे गेले?” बाईंनी विचारलं.

“यंत्रात चिकटले असतील, मावशी. तीस ग्रॅमला काय—”

“यंत्र उघड.”

त्यानं मुकाट्यानं यंत्र उघडलं. जाळीला चिकटलेला गर बाईंनी चमच्यानं खरवडून पारड्यात घेतला. सत्तावीस. “तीन हवेत गेले असं समजू,” त्या उदारपणे म्हणाल्या. मग बादलीकडे बोट दाखवून बोलल्या, “जवळजवळ निम्मं गाजर तू रोज फेकतोस. आणि पाटीवर लिहितोस, एक टोपली भाजी!”

“मावशी, सत्त्व सगळं रसात उतरतं. बादलीत राहतो तो भुसा.”

“तो भुसा माझ्या नवऱ्याच्या पोटात गेला असता तर त्याची साखर चढली नसती!”

रसवाल्याचा चेहरा खर्रकन उतरला. घड्याळजी त्याचे लाडके गिऱ्हाईक होते. त्यानं फुकट दुरुस्त करून घेतलेलं घड्याळ तेव्हाही त्याच्या मनगटावर होतं. “मला त्यांनी सांगितलं नाही हो साखर आहे म्हणून,” तो म्हणाला. पण गिऱ्हाइकं बघत होती, त्यातल्या एकानं अर्धा ग्लास फळीवर परत ठेवला, आणि त्या बिचाऱ्याचाही तोल सुटला. “माझा रस वाईट आहे हे तुम्हाला कुणी सांगितलं? तुमच्या काट्यानं? काट्याला वजन कळतं, गुण कळत नाही!”

हे वाक्य काटेबाईंच्या वर्मी लागलं, कारण ते खरं होतं. त्याच राशीतून वेगळी आणलेली दोन अख्खी गाजरं, एका बाटलीत ताजा रस, दुसऱ्या बाटलीत त्याच्याकडे सकाळपासून काचेच्या जगमध्ये काढून ठेवलेला रस, आणि डबीत चोथा, एवढं घेऊन त्या थेट लेकीकडे गेल्या.

लेकीच्या वरच्या मोठ्या बाई समजूतदार होत्या. शिकायला येणाऱ्या मुलींना सरावासाठी नमुने हवेच होते, त्या म्हणाल्या, “ठेव तुझ्या आईची गाजरं.” निकालाला आठ दिवस लागले. त्या आठ दिवसांत रसवाल्यानं काटेबाईंकडून एकही गाजर घेतलं नाही. तो पाचव्या रांगेतून घेऊ लागला. ओट्यावर गाजरांची रास तशीच पडून सुकायला लागली, आणि कांदेवाली म्हणाली, “काय मिळवलंत हो जिभेनं?” बाईंनी सुकलेली गाजरं निवडून सशांना दिली. या वेळी उघडपणे.

नवव्या दिवशी लेक कागद घेऊन आली. आई-बाबांना समोर बसवून तिनं समजावलं. चोथ्याचा गुण, म्हणजे तंतू, तो जवळजवळ सगळा बादलीतच राहतो. रसात नावाला उतरतो. गाजरातली साखर मात्र बरीचशी रसात येते, आणि वर बीट नि सफरचंद घातलं की एका मोठ्या ग्लासात चहाचे सात-आठ चमचे तरी भरतात.

“बघा!” काटेबाई मांडीवर थाप मारून म्हणाल्या.

“थांब आई, पुढे ऐक. गाजराचा केशरी रंग, जो डोळ्याला चांगला, तो रसातही भरपूर आहे. आणि मोठ्या बाई म्हणाल्या, रसातला तो शरीराला लवकर मिळतो. कच्चं गाजर आपण चावतो तेव्हा बराचसा रंग तुकड्यांत अडकून तसाच निघून जातो. यंत्र आपल्यापेक्षा बारीक चावतं.”

काटेबाईंची थाप अर्ध्यावर राहिली.

“आणि क जीवनसत्त्व म्हणतात ते ताज्या रसात ठीक होतं. जगमधल्या शिळ्या रसात पार खाली आलेलं.”

“म्हणजे जिंकलं कोण?” घड्याळजींनी विचारलं.

“बाबा, कुस्ती नव्हती ही.”

बाईंनी कागद स्वतःकडे ओढला. आकडे त्यांना सगळे कळले नाहीत, पण पारडं पूर्ण त्यांच्या बाजूला झुकलेलं नाही, एवढं कळलं. त्यांच्या मनात आलं, पहिला अर्धा कागद मंडईत वाचून दाखवावा आणि उरलेला घडी घालून ठेवावा. कोण विचारणार होतं? रात्रभर हा विचार त्यांच्याबरोबर कूस बदलत राहिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी, मंडई सुस्तावलेली आणि दुकानात चिटपाखरू नाही अशी वेळ बघून त्या रसवाल्याकडे गेल्या. त्यानं त्यांना बघितलं आणि हातातलं फडकं घट्ट धरलं.

“बस,” बाई म्हणाल्या, आणि स्वतःही स्टुलावर बसल्या. कागद उलगडून त्यांनी सगळा निकाल सांगितला. साखर, चोथा, शिळा रस. मग एक श्वास घेतला आणि केशरी रंगाचंही सांगितलं. “यात तुझं यंत्र माझ्या दातापेक्षा सरस आहे,” त्या म्हणाल्या. “कबूल.”

रसवाल्यानं हातातलं फडकं खाली ठेवलं. “हे शेवटचं तुम्ही सांगितलं नसतं तरी मला कळलं नसतं, मावशी.”

“मग मला जोखायचं सोडून घरी बसावं लागलं असतं,” बाई म्हणाल्या. “आता तूही एक सांग. पाचव्या रांगेची गाजरं कशी आहेत?”

“लाकूड आहे नुसतं,” तो एकदम हसला. “रसच निघत नाही. आणि दहा किलो म्हणून नऊ देतात. मी हल्ली घरी जोखतो.”

“तू जोखतोस?”

“तुम्ही सवय लावलीत ना.”

मग दोघं चांगले तासभर बोलत बसले. रसवाल्याची आजी दात नसलेली, आजारातून उठलेली. तिला तो रोज अर्धी वाटी रस पाजायचा, आणि तिला त्यानं तरतरी आली होती, हे त्यानं सांगितलं. बाईंनी ऐकून घेतलं. साखर नसलेल्या, चावता न येणाऱ्या माणसाला ताजा, छोटा ग्लास द्यायला काय हरकत, असं त्याही म्हणाल्या. पण ज्याचे दात शाबूत आहेत त्यानं गाजरच खावं, आणि साखरेच्या माणसाला विचारल्याशिवाय ग्लास देऊ नये. सफरचंद टाकायचंच असेल तर अर्धं.

पाटी उतरली. नव्या पाटीच्या मजकुरावरून दोघांचं पुन्हा वाजलं, कारण रसवाल्याला ‘अमृत’ हा शब्द हवा होता आणि बाई तो जोखून मागत होत्या. शेवटी पाटी रंगली ती अशी: ‘ताजा रस, मागाल तेव्हाच काढू. दात असतील तर किसलेलं गाजर घ्या. साखर असेल तर आधी सांगा.’ असली पाटी बघून गिऱ्हाईक पळेल, असं कांदेवालीचं भाकीत होतं. पहिला आठवडा थोडं पळालंही. मग डॉक्टरबाईंच्या कानावर गेलं, आणि त्या आपल्या माणसांना सांगू लागल्या की मंडईच्या दाराशी एक खरं बोलणारा रसवाला आहे. किसलेल्या गाजराच्या वाट्या ग्लासांपेक्षा जास्त खपू लागल्या. गाजरं दहा किलोवरून चौदावर गेली.

घड्याळजींना बाईंनी दातांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी कवळी पाच मिनिटं घासली, एकदा बसवून बघितली, पुन्हा घासली, आणि म्हणाले, “एवढंच होतं.” घड्याळजींना फार लाज वाटली, अर्ध्या मिलिमीटरची चूक आपल्या तोंडात चार महिने राहिली, हे त्यांच्या धंद्याला शोभणारं नव्हतं. तळव्यांचा रंग दीड-दोन महिन्यांत ओसरला. पुढच्या तपासणीत साखर खाली आली, आणि त्याच्या पुढच्या तपासणीत आणखी खाली. मनोऱ्याचं घड्याळ तर आता इतकं बिनचूक चालायचं, की शाळेची घंटा त्यावरून वाजू लागली.

त्या हिवाळ्यातल्या एका संध्याकाळी दोघं नवरा-बायको दुकानावर गेली. घड्याळजींनी किसलेल्या गाजराची वाटी मागितली. रसवाल्यानं बाईंसमोर न विचारता एक छोटा ग्लास ठेवला.

“मला कशाला? माझे सगळे दात आहेत.”

“साखर आहे?”

“नाही.”

“मग घ्या. माझ्याकडून.”

काटेबाईंनी ग्लास उचलला, डोळ्यासमोर धरला, वास घेतला, आणि एक घोट घेतला. मग दुसरा. घड्याळजी चमचा हातात धरून त्यांच्या तोंडाकडे बघत होते. रसवालाही बघत होता, आणि फडक्यानं कोरडीच फळी पुसत होता.

“आलं घालत जा थोडंसं,” बाई म्हणाल्या आणि ग्लास रिकामा केला.

“किती, मावशी? अंदाजे?”

यावर काटेबाई जे काही बोलल्या, ते पाचव्या रांगेपर्यंत ऐकू गेलं, आणि मंडईत तिथपर्यंत सगळे हसले.